जर्मनीचं ब्लू कार्ड: कंपनीकडे नेमकं काय मागायचं? (माझा अनुभव)

ब्लू कार्ड म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना. त्यासाठी जर्मन कंपनीला अर्ज करताना आपल्याकडचे बरेच इंजिनिअर पहिल्याच ईमेलमध्ये विचारतात, ‘तुम्ही व्हिसा स्पॉन्सर करता का?’ ब्रिटनसाठी हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे कंपनीकडे होम ऑफिसचं, म्हणजे गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स असावंच लागतं. जर्मनीत असं लायसन्सच नाही. कंपनी पाच माणसांची असो की पन्नास हजारांची, परदेशी माणूस नेमण्याआधी तिला कुठेही नोंदणी करावी लागत नाही. लहान कंपन्यांच्या एचआरला मात्र हे अनेकदा ठाऊक नसतं. ‘स्पॉन्सर’ ऐकलं की त्यांच्यापुढे वकील आणि खर्च उभा राहतो आणि नकार येतो. पुण्याहून ब्लू कार्डवर इथे आल्यापासून मी विचारणाऱ्यांना सांगतो, की ईमेलमध्ये सरळ लिहा: मला ब्लू कार्ड लागेल, माझी पदवी इथे मान्य आहे, त्याचा पुरावा सोबत जोडला आहे, तुमच्याकडून सही केलेला करार आणि एक फॉर्म एवढंच हवं.

हे लिहिता यावं म्हणून पदवीचं काम नोकरी शोधण्याआधीच उरकायचं. ‘आनाबिन’ हा जर्मन सरकारचा ऑनलाइन डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी बघायच्या. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) हवं, आणि तुमच्या पदवीच्या नोंदीत ‘एंटश्प्रिश्ट’ (जुळते) किंवा ‘ग्लाइशवेर्टिग’ (समकक्ष) हा शेरा हवा. दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा. आपली मुलं या डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाव टाकून शोधतात आणि काही सापडलं नाही की घाबरतात. शोधायचं ते पदवी देणारं विद्यापीठ. कॉलेज स्वायत्त असलं तरी प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव असेल, तर तेच धरायचं. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, त्यामुळे त्याआधीच्या पदवीधरांनी जुनं आणि नवं दोन्ही नावं टाकून बघावीत.

शेरा ‘बेडिंग्ट फर्ग्लाइशबार’ (अंशतः तुलनीय) असेल, विद्यापीठापुढे ‘एच प्लस मायनस’ (सरसकट मान्यता नाही) असेल, किंवा नोंदच नसेल, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या झेडएबी या जर्मन संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन, शुल्क 208 युरो. ऑफर हातात आल्यावर हे सुरू केलं तर कंपनी थांबून राहते आणि तिचा उत्साह ओसरतो. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र असेल तर विद्यापीठाकडून अंतिम प्रमाणपत्र आताच मागवा.

नावाचा घोळ तर खास आपला. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि कुठेतरी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळाच. करारापासून विम्यापर्यंत सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र पहिल्यापासून फाइलमध्ये ठेवावं.

आता पगार. 2026 साठी ब्लू कार्डची मर्यादा वर्षाला 50,700 युरो एकूण (कर कापण्याआधीचा) पगार, म्हणजे महिन्याला 4,225. आयटी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा मनुष्यबळाच्या टंचाईच्या क्षेत्रांसाठी, आणि ज्यांना पदवी मिळून तीन वर्षं झालेली नाहीत त्यांच्यासाठी, 45,934.20 युरो. हा आकडा दर जानेवारीला बदलतो आणि बहुधा वाढतोच, म्हणून अगदी काठावरचा पगार डिसेंबरमध्ये स्वीकारू नका. मोजताना फक्त करारात हमी दिलेली रक्कम धरतात. ‘कामगिरीनुसार बोनस’ त्यात येत नाही. ऑफरमध्ये 47,000 अधिक 5,000 बोनस असं असेल, तर तो बोनस निश्चित पगारात वळवून घ्या. एचआरला कारण सांगितलं तर ते सहसा ऐकतात. पदवी नसलेल्या आयटीवाल्यांनाही कमी मर्यादेवर कार्ड मिळतं, मात्र गेल्या सात वर्षांत पदवीधराच्या दर्जाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो.

कमी मर्यादा वापरली की ‘बुंडेसआगेंटुर’ या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते, आणि इथेच एक मोठा खड्डा आहे. कंपनी तुम्हाला भाड्याने दुसऱ्या कंपनीकडे पाठवणार असेल, म्हणजे करारात ‘आरबाइटनेमरयुबरलासुंग’ असा शब्द असेल, तर कायद्याने ही संमती नाकारावीच लागते. इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या करारात हा शब्द मधल्याच एखाद्या कलमात असतो. सही करण्याआधी शोधा. मोठ्या मर्यादेच्या वर पगार असेल तर ही संमती लागतच नाही, म्हणून अशा वेळी पगारासाठी थोडं ताणून धरणं फार मोलाचं ठरतं.

कंपनीने भरायचा तो फॉर्म ‘एरक्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस’, म्हणजे नोकरीच्या तपशिलांचं निवेदन. त्यात पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि सुट्ट्या लिहायच्या. एचआर कामाच्या रकान्यात ‘इंजिनिअर’ एवढंच लिहून मोकळे होतात. ब्लू कार्डसाठी काम पदवीच्या तोलाचं असावं लागतं, तेव्हा तीन-चार ओळींचा मजकूर तुम्हीच जर्मनमध्ये तयार करून द्या. करार निदान सहा महिन्यांचा हवा. रुजू होण्याची तारीख व्हिसा मिळण्यावर अवलंबून ठेवून घ्या, नाहीतर ती उलटते आणि करार पुन्हा करावा लागतो.

2025 पासून व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. शुल्क 75 युरो. जर्मनीत उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा आरोग्य विमा स्वतः घ्यावा लागतो आणि तोच कागद हमखास राहून जातो. घाई असेल तर कंपनी 411 युरो भरून स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयातून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. त्यासाठी तुम्ही कंपनीला मुखत्यारपत्र द्यायचं.

नोकरी मिळवून देतो म्हणून करारासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका. खरी कंपनी करारासाठी पैसे घेत नाही.

इथे आल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाड्याने देणारे काही घरमालक ते पत्र देत नाहीत, म्हणून जागा ठरवतानाच विचारा. पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवा. ते 30 दिवस बदल थांबवून तपासणी करू शकतात, तेव्हा जुन्या नोकरीचा राजीनामा त्या हिशेबानेच द्या.

जोडीदाराला ब्लू कार्डमुळे जर्मन येत असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही आणि लगेच नोकरीही करता येते. तुम्ही मात्र भाषा सोडू नका. कायम वास्तव्याचा परवाना जर्मनच्या ए-1 (प्राथमिक) पातळीवर 27 महिन्यांनी मिळतो, बी-1 (मध्यम) पातळी असेल तर 21 महिन्यांनी. पुण्यात असाल तर निघण्याआधीच जर्मन शिकवणाऱ्या मॅक्सम्युलर भवनात नाव घाला.