झोपेची तेवढी द्या

मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की डिप्रेशनची चिठ्ठी लांबूनच ओळखू येते. माणूस बाकीची गिऱ्हाइकं आधी जाऊ देतो, मग घडी केलेला कागद पुढे सरकवतो. त्यावर बहुतेकदा दोन नावं असतात: एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनची गोळी, आणि क्लोनाझेपाम.

पंधरवड्यानं तोच माणूस येतो. "झोपेची तेवढी द्या. दुसरीनं काय फरक पडंना, नुसतं मळमळतंय."

झोपेची म्हणजे क्लोनाझेपाम. त्याच रात्री डोळा लागतो, म्हणून तीच खरी वाटते. डॉक्टर ती पहिल्या काही आठवड्यांपुरती लिहितात, कारण सवय लागते ती हिची. आणि लोक सवयीच्या भीतीनं सोडतात ती एस्सिटालोप्राम!

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि मग ते परत ओढून घेतात. एस्सिटालोप्राम हे परत ओढणं अडवतं. ते काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं, त्यामुळे मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणाही लगेच येतो. मनाला उतार पडायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. वाढलेल्या सेरोटोनिनशी पेशी हळूहळू जुळवून घेतात, असं मानतात. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं, हे सोपं गणित मी कुणाला सांगत नाही. 2022 साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात त्याला भक्कम पुरावा सापडला नाही. पण पॅरासिटामॉल कमी पडलं म्हणून कुठं डोकं दुखतं? तरी गोळीनं थांबतंच की.

पंचविशीच्या आतलं पोरगं असेल तर घरच्यांना बाजूला घेऊन सांगतो: सुरुवातीचे आठवडे लक्ष ठेवा, जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना गाठा. बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवतात. एकदम तोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. डोस डॉक्टरच उतरवत आणतात.

जुन्या चिठ्ठीवर क्लोनाझेपाम मागितली की मी देत नाही, डॉक्टरांना फोन लावून देतो. काहीजण त्यांच्याशी बोलतात. काहीजण चिडून दुसऱ्या दुकानाची पायरी चढतात.