नागपूरची मुले आणि पेंचचे जंगल

कामठी आणि मनसर मागे टाकून पवनीजवळ महामार्ग सोडला की पेंचच्या जंगलाचे सिल्लारी येथील प्रवेशद्वार फार लांब राहत नाही. मार्चमधल्या एका पहाटे नववीच्या मुलामुलींच्या सहलीसोबत पालक म्हणून मी त्या रस्त्याने गेलो, तेव्हा दुतर्फा पळस फुललेला होता. पेंचला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७५ मध्ये मिळाला, त्याचे क्षेत्र सुमारे २५७ चौरस किलोमीटर आहे आणि १९९९ पासून महाराष्ट्रातील हा भाग व्याघ्र प्रकल्पही आहे, एवढी माहिती मुलांनी आधीच वहीत उतरवून आणली होती. वहीत मावले नाही ते इथे नोंदवतो.

आमच्या जिप्सीतील मार्गदर्शक त्याच परिसरातील एक तरुणी होती. "ताई, वाघ दिसन का?" हा प्रश्न प्रवेशद्वारातच आला. "दिसन तर दिसन, पोरांनो. पन आधी खाली पाहा," असे म्हणून तिने कच्च्या रस्त्याच्या धुळीत उमटलेल्या ठशांपाशी गाडी थांबवायला लावली. खाली उतरण्यास मनाई असल्याने मुले गाडीच्या कडेवर ओणवी झाली. चार बोटे, मागे रुंद गादी आणि नखांचा मागमूस नाही. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, रानकुत्र्याच्या ठशात मात्र ती दिसतात, हे तिने सांगितले आणि मग वेळेचा प्रश्न मुलांवरच सोपवला. ठसा जिप्सीच्या चाकांच्या खुणेवर उमटला होता, म्हणजे आदल्या संध्याकाळची शेवटची गाडी गेल्यानंतरचा. त्याच ठशावरून एका किड्याची बारीक नागमोडी रेघ गेली होती आणि तिच्यावर चितळाचे खूर पडले होते. प्राणी रात्री केव्हातरी गेला, मागाहून किडा आणि शेवटी चितळ, हा क्रम एका मुलीने लावला, तेव्हा तिच्या शेजारच्याने लगेच हरकत घेतली: "पण चितळ सकाळीच आले कशावरून?" ताईने उत्तर दिले नाही, खुरांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत, वाऱ्याने ढासळलेल्या नाहीत, एवढेच बोट दाखवून सुचवले. पुरावा, अनुमान आणि हरकत या तिन्ही गोष्टी मुलांनी तिथे स्वतः हाताळल्या. आमच्या शाळांतील प्रयोगवह्यांत निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो, हेही सांगितलेच पाहिजे.

पुढे ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि झाडावरून वानरांनी खाली टाकलेला पाला खाणारी चितळे दिसली. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वास आणि चाहूल आधी लागते. दोघेही एकमेकांचे इशारे ओळखतात. वाघ मात्र दिसला नाही आणि परतीच्या वाटेवर त्याची कुरकूर झाली. ती साहजिक आहे. मात्र समाजमाध्यमांवरील वाघांच्या छायाचित्रांमुळे वाघ दिसला नाही म्हणजे पैसे फुकट गेले ही समजूत मोठ्यांनीच मुलांच्या मनात रुजवली आहे, असे माझे मत आहे.

तोतलाडोहच्या जलाशयाची चर्चा निघाली, तेव्हा सर्वाधिक गलका झाला. पेंच नदीचे हे पाणी पुढे नवेगाव खैरीच्या धरणात येते आणि तिथून नागपूरच्या नळांत पोहोचते, हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. पावसाचे पाणी मुरवणारे, माती धरून ठेवणारे आणि जलाशयात गाळ कमी जाऊ देणारे जंगल आपल्या घरातील नळाशी असे जोडलेले आहे, हे नकाशावर बोट फिरवत समजून घेताना मुले वाघ विसरली होती. रात्रीच्या मुक्कामात आकाश पाहिले; जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार कृत्रिम उजेडापासून जपणारे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि शहरात दिवाबत्तीमुळे दिसेनासे झालेले तारे इथे मोजता येणार नाहीत इतके दिसतात.

दुसऱ्या दिवशी परतण्याआधी आम्ही महामार्गाने देवलापारच्या बाजूस थोडे पुढे गेलो, कारण जंगल चिरत जाणाऱ्या या रस्त्याखाली वन्यप्राण्यांसाठी ठेवलेले मार्ग मुलांना दाखवायचे होते. त्यांतील सर्वांत लांब मार्ग सुमारे ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ प्रकारचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. वरून मालमोटारी धडधडत जात असताना वाद पेटला: रस्ता रुंद करायलाच नको होता, असे काहींचे म्हणणे होते, तर जबलपूरकडे जाणारा माल मग कोणत्या वाटेने न्यायचा, असे इतर विचारत होते. आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंतींचा खर्च कोणी सोसायचा, यावर तर बस मनसर ओलांडून गेली तरी एकमत झाले नाही, आणि शिक्षकांनीही ते घडवून आणण्याचा प्रयत्न केला नाही.