भिंत हेच स्पीकरचं कॅबिनेट
भिंतीत बसवायचे स्पीकर निवडताना वूफरचा (बेस वाजवणाऱ्या भागाचा) आकार आणि वॉट बघितले जातात, भिंत मात्र बघितली जात नाही. स्टँडवरच्या स्पीकरचं कॅबिनेट कारखान्यातच मोजून बनलेलं असतं. इथे जिप्सम बोर्ड, मागची फ्रेम आणि मधली पोकळी मिळून कॅबिनेट होतं, आणि ते आपल्यालाच बांधावं लागतं.

एवढा खटाटोप का करायचा, तर बेससाठी. स्पीकर भिंतीपासून ८५ सेंटिमीटर पुढे असेल, तर मागे आदळून परतणारी लाट १.७ मीटर जास्त अंतर कापते आणि १०० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारते. स्पीकर भिंतीच्या पातळीत गेला की आवाजातला हा खड्डा उरतच नाही. महागड्या अँप्लिफायरनेही न भरणारी ही उणीव नुसत्या जागेमुळे भरून निघते.

आता पोकळी. दोन स्टडमध्ये (फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांमध्ये) ३६ सेंटिमीटर रुंद, ९ खोल आणि २४० उंच जागा असेल, तर साधारण ७८ लिटर हवा होते. दुसऱ्या स्पीकरच्या कप्प्यात आडवी पट्टी असेल, तर तिथे ३०-३५ लिटरच उरतात आणि डाव्या-उजव्या स्पीकरचा बेस जुळत नाही. म्हणून त्याच मॉडेलसाठी बनवलेला बंद बॅक-बॉक्स (स्पीकरच्या मागे बसणारी पेटी) घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पलीकडच्या खोलीत जाणारा आवाजही त्याने बराच कमी होतो. बॅक-बॉक्स नसेल तर दोन्ही कप्पे सारखे करा, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरा, पण ते वूफरच्या कोनला (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) टेकू देऊ नका.

१२.५ मिलिमीटरचा एकच बोर्ड वूफरबरोबर थरथरतो आणि पुरुषी आवाज घुमायला लागतो. कापलेल्या जागेभोवती स्टडवर दर १५ सेंटिमीटरला स्क्रू मारा. जमल्यास बोर्डचा दुसरा थर चढवा, दोन थरांमध्ये कंपन शोषणारी पेस्ट लावून.

कापण्याआधी मधोमध छोटं भोक पाडून वाकवलेली तार आत फिरवा. स्टड किंवा पाइप असेल तर तिथेच कळतं. स्पीकर श्रोत्याकडे वळवता येत नाही, त्यामुळे ट्वीटर (उंच सूर वाजवणारा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून ९५ ते १०० सेंटिमीटरवर हवा. आखलेल्या रेषेच्या आतून कापा: भोक वाढवता येतं, लहान करता येत नाही.

वायर भिंतीच्या आत वापरण्यासाठी प्रमाणित असलेलीच घ्या, तांबं अडीच चौरस मिलिमीटर. १५ मीटर लांबीला जाऊन-येऊन सुमारे ०.२ ओहम रोध येतो. ४ ओहमच्या स्पीकरला याहून जास्त नको. विजेच्या वायरिंगपासून ३० सेंटिमीटर दूर राहा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

बोर्ड पकडणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू हातानेच, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. ड्रिलने आवळले की स्पीकरची फ्रेम वाकते, फट पडते आणि जोरदार बेसला तिथून हवा फुसफुसते. ग्रिल रंगवायची असेल तर मागचं कापड आधी काढा आणि रंगाचे पातळ थर स्प्रेने द्या. भोकं बुजली की ट्वीटरचा आवाज दबतो.

भिंतीला शेवटचा रंग देण्याआधी ३० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालच्या सुरापासून वर चढत जाणारा आवाज) हळूहळू वाजवा आणि बोर्डवर तळहात ठेवून फिरा. खडखड ऐकू आली तर आधी बोर्डला टेकलेली वायर, मग जवळच्या स्विचबोर्डचं झाकण, मग सैल क्लॅम्प तपासा.