स्टुटगार्टची लाल वाइन: शोधाची नोंदवही, दुसरं वर्ष

मागची नोंद ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो आणि उंटरट्युर्कहाइममध्ये घर मिळालं. एका खिडकीतून मोटारींचा कारखाना दिसतो, दुसरीतून थेट डोंगरावर चढत गेलेल्या द्राक्षांच्या ओळी. शहराच्या हद्दीत एवढी बाग! तेव्हाच ठरवलं, इथे आहोत तोवर लाल प्यायची ती इथलीच. पहिल्या वर्षी २६ बाटल्या उघडल्या, मनापासून आवडल्या ३. या वर्षी १४ उघडल्या आणि ९ आवडल्या. मधल्या काळात काय कळलं, ते लिहितो.

पहिल्या वर्षी निम्मे पैसे लेबल न वाचल्यामुळे गेले. सुपरमार्केटमधून डोर्नफेल्डर या लाल जातीची बाटली आणली, रंग जांभळाकाळा, सुरेख. घोट घेतला तर कोकम सरबतासारखी गोड. बाटलीवर बारीक अक्षरात ‘लीबलिश’ लिहिलं होतं. नव्याने येणाऱ्यांनी एवढं पाठच करावं: ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, साखर लिटरला फार तर ९ ग्रॅम. ‘हाल्बट्रोकन’मध्ये ती साधारण १८ पर्यंत जाते आणि ‘लीबलिश’मध्ये ४५ पर्यंत. जेवणासोबत हवी असेल तर ट्रोकनच बघा.

नोव्हेंबर

सगळं बदललं ते एका बेझनमध्ये. बेझन म्हणजे झाडू. बागायतदार आपल्याच घरात किंवा गोठ्याच्या जागेत बाकडी टाकून स्वतःची वाइन विकतो आणि चालू असल्याची खूण म्हणून दाराबाहेर झाडू टांगतो. वर्षातले काही महिनेच उघडं असतं आणि जागाही मोजक्याच, त्यामुळे अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. वाइन मिळते पाव लिटरच्या, कान असलेल्या काचेच्या मगात. त्याला म्हणायचं ‘फिर्टले’.

मी लेम्बर्गर मागवली. ऑस्ट्रियात ब्लाउफ्रेंकिश आणि हंगेरीत केकफ्रांकोश म्हणतात, तीच ही द्राक्षाची जात. वाढणाऱ्या बाई त्या घरच्याच, वय साठीच्या पुढे, बोटांच्या पेरांना द्राक्षाचा डाग. मी म्हटलं, बाहेरून आणलेल्या लेम्बर्गरला रंग खूप असतो, पण घोट गिळला की काही उरत नाही, असं का? त्यांनी ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, “तुम्ही बनवणाऱ्याला एकच विचारा, काला तापवला की आंबवला?”

मग त्यांनी नीट समजावलं. द्राक्षं चिरडली की साल, बी, रस यांचा जो काला होतो त्याला हे लोक ‘माइशे’ म्हणतात. तो काला थोडा वेळ गरम केला की सालीतला रंग झटकन सुटतो. मग पिळून फक्त रस आंबवायचा. काम लवकर होतं आणि वाइन फळांच्या वासाची, मऊ होते. या भागात कितीतरी लाल वाइन अशीच होत आली आहे. दुसरी रीत म्हणजे सालीसकट दोन-तीन आठवडे आंबवायचं, वर आलेला सालींचा थर रोज खाली दाबायचा. हिला म्हणतात ‘माइशेगेरुंग’. तुरटपणा आणि दम येतो तो हिच्यातून. त्यांनी दोन्ही मग शेजारी ठेवले. पहिला चेरीच्या रसाच्या वळणाचा. दुसऱ्यात आधी काळी मिरी, मग आंबट चेरी, आणि गिळल्यावर जिभेच्या कडेला जांभूळ खाल्ल्यासारखी तुरट ओढ. ती ओढच मी वर्षभर शोधत होतो!

तेव्हापासून जिथे जातो तिथे आधी हाच प्रश्न विचारतो. बनवणारा खुलून बोलतो, दोन बाटल्या जास्त उघडून दाखवतो.

फेब्रुवारी

रोटेनबेर्गच्या उतारावर छाटणी चालू होती. गावी नानांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. इथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. वेलावर एखाद-दुसरी लांब काडी ठेवून बाकी सगळं उतरवतात आणि ती काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधतात. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, किती ठेवलेत मोज.” मी मोजले, दहा. “कमी माल धरतोय. चांगलं करणार तो.” ती बाग कोणाची ते विचारून त्यांच्याकडून लेम्बर्गर घेतली, १२ युरोला. या वर्षातल्या पहिल्या तीनांत आहे.

एप्रिल

एकाच बागायतदाराची २०२१ आणि २०२२ ची लेम्बर्गर एका संध्याकाळी उघडली. २०२१ पावसाचं, थंड वर्ष. डावण्या या बुरशीच्या रोगाने बागायतदारांना रडवलं होतं. २०२२ तापलेलं, कोरडं. २०२२ भरदार, पिकलेल्या फळाची, सगळ्या मित्रांना तीच आवडली. मला २०२१ आवडली. सडसडीत, आंबूस, आणि तासाभराने ग्लासात मिरीचा वास वर आला. अवघड वर्षातली बाटली इथे स्वस्तात मिळते, सोडू नका.

जून

ब्राकनहाइमला जाऊन आलो. लेम्बर्गरचं गाव. जर्मन संघराज्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस इथलेच. त्यांनी १९०५ साली डॉक्टरेट मिळवली ती हाइलब्रॉनच्या द्राक्षशेतीवर आणि द्राक्षकऱ्यांवर लिहून. द्राक्षकऱ्याच्या मुलाला हे वाचून फार बरं वाटलं. वाइन दोन घेतल्या. एक ओकच्या नव्या पिंपातली, तिला लाकडाचाच वास जास्त, मला नाही रुचली.

ऑगस्ट

आता ट्रोलिंगरबद्दल, कारण पहिल्या नोंदीत मी तिच्यावर अन्याय केला होता. ‘पाणचट’ लिहिलं होतं. ट्रोलिंगर ही द्राक्षाची जात मूळची टिरोलकडची, इटलीत तिला स्कियावा म्हणतात. मणी मोठा, खायचं द्राक्षही हेच. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टला १७६८ मध्ये लावलेला प्रसिद्ध वेल ब्लॅक हॅम्बर्गचा, म्हणजे ह्याच जातीचा. अशा द्राक्षाची वाइन फिकी, हलकी होणारच. तिच्याकडून शिराजचा दम मागायचा नाही.

शनिवारी घरी मिसळ केली होती. तर्री झणझणीत. तिखटावर तुरट, कडक वाइन घेतली की तोंडाची आग वाढते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. ट्रोलिंगर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढली, साधारण १४ अंशांवर. तुरटपणा जवळजवळ नाही, अल्कोहोल कमी, रंग डाळिंबाच्या सरबताचा. मिसळीबरोबर इतकी छान लागली की बाटली पाव संपायच्या आत रिकामी. वांग्याच्या भरिताबरोबरही चालते. मटणाच्या रश्श्याला मात्र लेम्बर्गरच, तीही सालीसकट आंबवलेली.

सप्टेंबर

मण्यात पाणी उतरून, म्हणजे मणी पिकायला लागून, महिना झाला. बेझनच्या बाईंनी निरोप धाडलाय, पुढच्या शनिवारी लेम्बर्गरची तोडणी, येता का? कात्री घरून आणलेलीच नेणार आहे. मुंडेल्सहाइमच्या केझबेर्गची ट्रोलिंगर अजून बाकी आहे, नेकार नदीच्या काठावर दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या बागेतली. झामट्रोट ही इथली आणखी एक लाल जातही चाखायची आहे. कोणी घेतली असेल तर काला तापवलेला की आंबवलेला, तेवढं कळवा.