होम स्टडी, दुसऱ्यांदा

मूल दत्तक घ्यायचं तर सोशल वर्कर घरी येऊन आपल्याला बघून-विचारून रिपोर्ट लिहितात, ती होम स्टडी आज परत झाली. होम स्टडीचा रिपोर्ट तीन वर्षं चालतो, आमची तीन वर्षं संपली आणि बाळ काही आलं नाही, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून, मेडिकल सर्टिफिकेटंसुद्धा नवीन.

पहिल्या वेळी आम्ही दोघांनी घर असं घासूनपुसून काढलं होतं की जणू सोशल वर्कर मॅडम पलंगाखाली वाकून धूळ बघणार आहेत. आज खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग तसाच पडलेला, मी उचलायला गेले तर त्याच म्हणाल्या राहू द्या हो, मी इकडे बसते. मागच्या वेळी "मूल का हवंय" या प्रश्नाला मी अक्षरशः पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. आज दोन मिनिटं काही बोलताच येईना, शेवटी नवराच म्हणाला, की हवंय हेच आता इतकं जुनं झालंय की "का" ते वेगळं आठवत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं की नाही देव जाणे.

"किती वेळ लागतो गं?" हा प्रश्न मला आतापर्यंत ज्याने त्याने विचारलाय आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. खरं उत्तर असं की कागदपत्रं अपलोड करणं आणि होम स्टडी हे काही महिन्यांत उरकतं, दत्तकाची शेवटची ऑर्डरही आता कोर्टाऐवजी कलेक्टर देतात, १ सप्टेंबर २०२२ पासून, त्यासाठी कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे आणि ऑर्डरची वाट न बघता बाळ त्याआधीच घरी आणता येतं. मधला जो भाग आहे ना, नुसतं बसून राहायचा, तोच तीन-साडेतीन वर्षं खातो. मोठं मूल किंवा स्पेशल नीड्स असलेलं मूल घ्यायची तयारी असेल तर बरंच लवकर होतं. आम्ही दोन वर्षांच्या आतलं निवडलंय, म्हणजे सगळ्यात लांब रांग. त्याबद्दल मनात एक टोचणी आहेच पण आज त्यात शिरत नाही.

परवा नात्यातल्या एका काकू म्हणाल्या, "अगं अनाथाश्रमात एवढी मुलं असतात, आणि तुम्हाला एक देत नाहीत?" पूर्वी मी चिडायचे. पण रजिस्ट्रेशनच्या आधी मलाही हेच वाटायचं की, खोटं कशाला बोलू. संस्थेत राहणाऱ्या बऱ्याच मुलांना आई किंवा बाप किंवा कुणीतरी नातेवाईक असतं, घरची परिस्थिती नसते म्हणून ती तिथे असतात. ज्याला खरंच कुणी नाही त्यालाही बाल कल्याण समितीने "लीगली फ्री" (म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं) म्हटल्याशिवाय कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, ते मूल कुणाला दाखवूच शकत नाही. २०२२ मध्ये संसदेच्या समितीचा एक रिपोर्ट आला होता त्यातले आकडे मला तोंडपाठ झालेत, डिसेंबर २०२१ मध्ये रांगेत २७,९३९ जण आणि लीगली फ्री मुलं २,४३०. पाच वर्षांत वेटिंग एका वर्षावरून तीन वर्षांवर गेलं असंही त्यात होतं. काकूंना हे सगळं सांगितलं, त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी फोनवर परत तेच.

काराच्या पोर्टलवर लॉगिन केलं की आपला वेटिंगचा नंबर दिसतो. पहिल्या वर्षी मी तो रोज बघायचे, कधी कधी रात्री तीनला उठून, जणू रात्री तीनला कुणी तिथे बसून नंबर पुढे सरकवतंय. आता आठवड्यातून एकदा बघते, रविवारी, आणि हलला नसेल तर नवऱ्याला सांगत नाही. तो पण गुपचूप बघतो हे मला माहितीय, कारण पासवर्ड तीनदा चुकवून एकदा त्यानेच अकाउंट लॉक केलं होतं. आणि रेफरल (म्हणजे एखाद्या बाळाची माहिती) आला की बाळ रिझर्व्ह करायला फक्त ४८ तास, म्हणजे तीन वर्षं थांबा आणि मग दोन दिवसांत सांगा! त्यामुळे स्पॅम फोल्डर रोज उघडायचं, लोनवाल्यांचे फोनसुद्धा पहिल्या रिंगला उचलायचे.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मॅडम निघताना चपला घालत होत्या तेव्हा मी विचारलं, अगदी नुकतं जन्मलेलं बाळ का नाही हो मिळत कुणालाच, आपल्याकडे सगळ्यालाच उशीर. त्या थांबल्या. म्हणाल्या, आई स्वतः बाल कल्याण समितीसमोर येऊन बाळ सोपवते ना, सही करते, तर त्यानंतर तिला साठ दिवस असतात. विचार बदलला तर येऊन घेऊन जाऊ शकते. ते साठ दिवस बाळ कुणालाच दाखवत नाहीत. टाकून दिलेलं बाळ असेल तरी दोन वर्षांच्या आतल्यासाठी दोन महिने आणि त्यापेक्षा मोठ्यासाठी चार महिने, आईबापांचा शोध घ्यायला.

मी विचारलं, येतात का परत? त्या म्हणाल्या, कधी कधी येतात. एवढंच. मग लिफ्ट आली.

नियम म्हणून हे मी वाचलेलं होतं, तीन वर्षं दुसरं काय वाचतेय मी. पण तेव्हा ते साठ दिवस मी सरळ आमच्या वेटिंगमध्ये मिळवून टाकले होते, त्यांच्या ढिलाईच्या खात्यात. ते कुणाचे दिवस आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं. एकोणसाठाव्या दिवशी ती आई कुठल्या तरी बसमध्ये बसली असेल, निघावं की उतरावं करत. आणि इकडे मी नंबर का हलत नाही म्हणून पोर्टलला शिव्या घालतेय. बाकीच्या उशिरावरचा राग गेलेला नाही, समितीकडे फाइल पडून राहते तो उशीर उशीरच आहे. फक्त ते साठ दिवस मी आज माझ्या हिशोबातून काढले.

नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ती आली तर बरंच होईल ना गं? मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण घशात अडकलं थोडं.

आता फोन चार्जिंगला लावते, सहा टक्के राहिलाय. आज रविवार, नंबर बघायचा राहिलाच.