इतिहास महोत्सवातले लेखक आणि पुढच्या रांगेतले प्रश्न

नोव्हेंबरचा शेवटचा पंधरवडा नागपुरात इतिहासाला दिलेला असतो. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह संपतो न संपतो तोच २६ आणि २७ नोव्हेंबरचा, १८१७ मध्ये इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यात झालेल्या सीताबर्डीच्या लढाईचा स्मरणदिन येतो, आणि या दोहोंना धरून आमच्याकडे दरवर्षी इतिहास महोत्सव भरतो. नाण्यांचे व शस्त्रांचे प्रदर्शन, महालातल्या जुन्या वाड्यांची आणि गांधी गेटची पायी फेरी, शाळकरी मुलांच्या स्पर्धा असे सगळे त्यात असते. सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी उघडतो, म्हणजे ज्या लढाईमुळे तो ओळखला जातो तिच्या स्मरणदिनी तो बंदच असतो. या महोत्सवाचा जो भाग मी सहसा चुकवत नाही, तो म्हणजे संध्याकाळची लेखकांची व्याख्याने, आणि हे टिपण केवळ त्यांच्याविषयी आहे.

लेखकाला इतिहास महोत्सवात का बोलवावे, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःला एकदा नीट विचारायला हवा असे मला वाटते. पुस्तकात जे छापले आहे तेच व्यासपीठावरून ऐकायचे असेल तर घरी बसून पुस्तक वाचणे अधिक सोयीचे आहे, कारण तिथे पान उलटून मागे जाता येते. लेखक समोर असण्याचा खरा उपयोग एवढाच, की त्याने ही गोष्ट कशावरून सांगितली, दोन कागद परस्परविरोधी निघाले तेव्हा त्याने कोणता मानला आणि का मानला, हे त्याला विचारता येते. या कसोटीवर यंदाची व्याख्याने फार असमान उतरली.

सर्वांत उत्तम व्याख्यान बांकाबाईंवरचे होते. विषय नागपूरकरांच्या इतका जिव्हाळ्याचा, की सभागृह वेळेआधी भरले होते. ज्यांना हा संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बांकाबाई या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राणी. १८१८ मध्ये इंग्रजांनी तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले यांना गादीवरून दूर केले, दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवला, आणि त्याच्या नावाने कारभारात बांकाबाईंचा हात राहिला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस पुत्र नसताना वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले गेले. १८५७ मध्ये मात्र बांकाबाईंनी उठावाच्या बाजूने न जाता आपल्या माणसांना शांत ठेवले, आणि १८५८ मध्ये त्या वारल्या. नागपूरच्या लोकस्मृतीने त्यांना याबद्दल कधीच माफ केलेले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून शेवटी जाळला जाणारा पुतळा, म्हणजे काळी मारबत, ही बांकाबाईंचीच प्रतिमा, असे इथे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते.

व्याख्यात्या बाईंनी सुरुवात मारबतीपासून केली नाही, हे मला आवडले. त्यांनी पडद्यावर खालसा प्रकरणातल्या अर्जांविषयीची टिपणे दाखवली आणि एकच प्रश्न अर्धा तास धरून ठेवला: जी बाई संस्थान वाचवण्यासाठी कलकत्त्यापर्यंत अर्ज करते आणि ज्या घराण्याचे वकील विलायतेपर्यंत दाद मागायला जातात, तीच बाई तीन वर्षांनी इंग्रजांच्या विरुद्ध उठायला नकार देते, हे एकाच माणसाच्या आयुष्यात कसे बसवायचे? त्यांचे उत्तर असे होते, की बांकाबाईंच्या दृष्टीने अर्ज करणे आणि शांत राहणे या दोन्ही गोष्टींचा हेतू एकच होता. दत्तक मान्य करून घेऊन घराण्याचे नाव टिकवायचे, आणि बंडात सापडून जे उरले आहे तेही घालवायचे नाही. पुढे दत्तक जानोजींना इंग्रजांनी देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता दिली, हा हिशेब बाईंनी त्याच ओघात मांडला. पटले असे सगळ्यांनाच झाले नाही, पण उत्तर कोणत्या कागदावर उभे आहे ते प्रत्येकाला दिसत होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणता ते कागदावर ठीक आहे. पण आमच्या आजीनं तं आम्हाले लहानपणापासून सांगितलं, का काळी मारबत म्हणजे बांकाबाई. आजी का खोटं सांगन का?” सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काका, तुमच्या आजी खोटं सांगत नव्हत्या. मारबतीची मिरवणूक १८८० च्या दशकापासून निघते असं सांगतात. तेव्हा बांकाबाईंना जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती. त्यामुळे आजींची गोष्ट बांकाबाईंबद्दल पुरावा नाही, पण त्या काळच्या नागपूरकरांना राज्य गेल्याचा राग कोणावर काढायचा होता, याचा ती पुरावा आहे. तुमच्या आजींना ही गोष्ट कोणी सांगितली, ते आठवतं का?” काका विचारात पडले आणि मग जुनी मंगळवारीतल्या आपल्या आजोळाविषयी पुष्कळ सांगत राहिले. व्यासपीठावरच्या बाईंनी वही काढून ते लिहून घेतले. लेखकाने श्रोत्याच्या समोर असावे ते याकरिता.

त्याच संध्याकाळी तलवारीचा प्रश्न येणार हे ठरलेलेच होते. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती विकत घेऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, तेव्हापासून नागपुरात इतिहासाचा कोणताही कार्यक्रम तिच्यावाचून पुढे सरकत नाही. पाते युरोपीय बनावटीचे, आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यात देवनागरी अक्षरे: श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा. एका तरुण मुलीने विचारले, की ती तलवार विलायतेला गेली कशी? समोरून अनेकांनी परस्पर उत्तर देऊन टाकले, “लुटून नेली, दुसरं काय.” बाईंनी १८१७ नंतरची लूट, १८५४ नंतरची विक्री आणि मधल्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांना गेलेले नजराणे या तीन वाटा सांगितल्या, आणि प्रत्येक वाटेसाठी कोणत्या दप्तरात कोणता कागद शोधावा लागेल हे सांगितले. ती मुलगी इतिहासाची विद्यार्थिनी असावी, कारण ती हे सगळे मोबाइलमध्ये टिपून घेत होती.

दुसऱ्या संध्याकाळच्या सीताबर्डीवरच्या व्याख्यानाबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. वक्ते लोकप्रिय कादंबरीकार आहेत, आवाज भारदस्त आहे, आणि टाळ्या कुठे पडतात हे त्यांना नेमके ठाऊक आहे. दोन टेकड्या, भोसल्यांच्या पदरचे अरब शिपाई, २७ नोव्हेंबरच्या सकाळी लहान टेकडीवर त्यांनी मिळवलेला ताबा, हे सगळे त्यांनी असे रंगवले की लहान मुलेही चुळबुळ न करता ऐकत होती. आकडेही आले: इंग्रजांकडे दीड हजारांच्या आत माणसे आणि भोसल्यांकडे सुमारे १८,०००. पण हे आकडे कोणी मोजले, हे ते एकदाही बोलले नाहीत. या लढाईचे जे तपशील आपण घोकतो, ते बहुतेक जिंकणाऱ्या बाजूच्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आलेले आहेत. थोडक्या फौजेने प्रचंड फौज हरवली असे सांगण्यात त्या अधिकाऱ्यांचा उघड फायदा होता, आणि तोच आकडा आपण भोसल्यांच्या शौर्याच्या कथेत वापरतो यातली गंमत वक्त्यांच्या लक्षात आलेली दिसली नाही.

हा मुद्दा मी प्रश्नोत्तरांत मांडणार होतो, पण प्रश्नोत्तरे झालीच नाहीत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, वक्त्यांचा परिचय (जो पत्रिकेत छापलेलाच होता), अध्यक्षीय समारोप आणि आभार यांत पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. त्यातला मोठा वाटा एका पाहुण्याने खाल्ला, ज्यांचा इतिहासाशी संबंध एवढाच की त्यांनी मंडपाचा खर्च उचलला होता. सत्काराला माझा विरोध नाही. आपल्याकडे पाहुण्याला हार घातल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाल्यासारखे वाटत नाही हे मान्य. पण कापायचा प्रसंग आला की कात्री नेहमी प्रश्नोत्तरांवरच चालते, आणि महोत्सवाचे खरे भांडवल तर तिथेच आहे.

नागपूरच्या भोसल्यांबद्दल बोलताना साधनांचा प्रश्न टाळणे विशेष खटकते, कारण आपल्याकडची साधनेच गमतीदार आहेत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची जी बखर आपण घरचा पुरावा म्हणून दाखवतो, ती रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे लिहिणारा आपला आणि लिहवून घेणारा परका. अशा बखरीत काय सांगितले गेले असेल आणि काय पोटात ठेवले गेले असेल, यावर एक संध्याकाळ सहज रंगेल, आणि त्यासाठी कोणालाही आवाज चढवावा लागणार नाही.

प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांवरच्या व्याख्यानाला श्रोते कमी होते, तरी ते चांगले झाले. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले, तर रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही पुरातत्त्वज्ञ ते मनसरला नेतात. वक्त्यांनी दोन्ही पक्ष सारख्या आदराने मांडले, हे नागपुरात, जिथे मिराशींचे विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी अजून श्रोत्यांत बसतात, सोपे नव्हे. नगरधनच्या उत्खननात सापडलेल्या वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या मातीच्या मुद्रांकाचे छायाचित्र त्यांनी मोठे करून दाखवले: ब्राह्मी अक्षरांतले नाव आणि शंखाची आकृती. पंधराशे वर्षांहून जुना, तळहाताच्या एका कोपऱ्यात मावणारा मातीचा तुकडा, आणि त्यावर राज्य चालवणाऱ्या राणीचे स्वतःचे नाव. रामटेकला दरवर्षी जाणाऱ्या किती जणांना नगरधन वाटेत लागते हे माहीत असते, कोण जाणे.

माझी मोठी तक्रार मात्र कार्यक्रमपत्रिकेबद्दल आहे. हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने. बारा वस्त्या एकत्र करून नगर उभारण्याचे हे श्रेय १७०२ च्या सुमाराचे, आणि तट व जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, त्याचा वारस चांद सुलतान याच्या काळचा. पहिल्या रघूजींनी सत्ता घेतल्यावरही गोंड राजाला नावापुरते राजेपद व तनखा देऊन ठेवले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या आप्पासाहेबांना महादेवाच्या डोंगरात आसरा दिला तोही गोंडांनी. इतके असूनही व्याख्यानमालेत गोंडांना जागा मिळते ती भोसल्यांच्या व्याख्यानातल्या पहिल्या दहा मिनिटांत, प्रस्तावना म्हणून. गोंडी परंपरेवर काम करणारे अभ्यासक विदर्भात आहेत, त्यांच्यातला एखादा व्यासपीठावर का नाही, हे मला कळत नाही.

तीच गोष्ट गिरण्यांची. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्याच्या दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे या शहराचा मोठा भाग तिच्या भोंग्यावर उठला. तिथे काम केलेली माणसे अजून हयात आहेत, महोत्सवाला येतातही, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून मराठेशाहीची व्याख्याने ऐकून घरी जातात. त्यांच्यावर लिहिणाऱ्या लेखकाला बोलावले तर प्रश्नोत्तरांत लेखकापेक्षा श्रोत्यांनाच अधिक माहीत असेल, आणि तशी संध्याकाळ मला फार पाहायची आहे.

पुस्तकांच्या टेबलाविषयी एवढेच, की बांकाबाईंवरच्या व्याख्यानानंतर तिथे गर्दी झाली आणि व्याख्यात्यांचे पुस्तक अर्ध्या तासात संपले, तर लढाईवरची कादंबरी शेवटच्या दिवशीही थप्पीने पडून होती. यावरून काही सिद्ध होत नाही. कादंबरी जाड होती आणि महागही.

समारोपाच्या दिवशी मी आयोजकांपैकी एका ज्येष्ठांना गाठून दोन सूचना केल्या: प्रत्येक लेखकाने आपल्या पुस्तकामागचा एक मूळ कागद, त्याची छायाप्रत तरी, सोबत आणून श्रोत्यांपुढे उलगडावा, आणि प्रश्नोत्तरांची वीस मिनिटे पत्रिकेतच छापावीत, म्हणजे ती कापता येणार नाहीत. त्यांनी दोन्ही सूचना डायरीत लिहून घेतल्या. कागदाची कल्पना त्यांना पसंत पडली. वीस मिनिटांबद्दल म्हणाले, “बघू, प्रायोजकांशी बोलून सांगतो.”