पॉइंट टू-टूचं काडतूस: चवथीआधीचा निकाल मागे घेतेय

चवथीच्या आधी लिहिलेल्या नोंदीत मी माझ्या पॉइंट टू-टू, म्हणजे .22 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रायफलसाठी काडतुसं तपासली होती आणि 'क' काडतुसाला, म्हणजे लापुआ सेंटर-एक्सला, बाद ठरवलं होतं. तो निकाल चुकीचा होता. माझ्या त्या आकड्यांवर विसंबून कोणी काडतुसं निवडली असतील तर कृपया ही नोंद पूर्ण वाचा.

चूक कुठे झाली ते आधी सांगते. त्या दिवशी मी 'ब', म्हणजे एक हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) काडतूस, झाडून झाल्यावर लगेच 'क' भरलं आणि पहिल्याच दोन ग्रुपची मापं वहीत उतरवली. पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे त्यांच्या सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर, 24 मि.मी. आला; हे जितकं कमी तितकं चांगलं. एवढं नावाजलेलं काडतूस असं का वागतंय, हे मला कळेना. दसऱ्यानंतर आभाळ उघडलं, रेंज कोरडी झाली आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला, तेव्हा शेजारच्या लेनवरचे काका माझ्या टार्गेटकडे बघत म्हणाले, "अगो, नळीत अजून आधीच्याच काडतुसाचं मेण आहे. वीस गोळ्या जाऊ दे, मग माप." काका पेडण्याचे, माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त नेमबाजी केलेले. मी ऐकलं.

टू-टूची गोळी शिशाची असते आणि बाहेरून मेणासारखं वंगण लावलेलं असतं. डब्यातून काडतूस काढताना अंगठ्याला जे चिकट लागतं, ते हेच. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. नवीन काडतूस सुरू केलं की नळीत आधीचा थर जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या कुठेही जातात. आता माझी पद्धत अशी आहे: काडतूस बदलताना नळीतून दोन कोरड्या चिंध्या फिरवायच्या, वीस गोळ्या न मोजता मातीच्या बांधात सोडायच्या आणि नंतरच्या पंचवीसच वहीत घ्यायच्या. काडतुसं रेंजवर मोजून मिळतात आणि पुंगळ्याही मोजून परत द्याव्या लागतात, त्यामुळे वीस गोळ्या 'फुकट' घालवणं जिवावर येतं. पण त्या वाचवल्या की पुढच्या पंचवीस खरंच फुकट जातात.

नवे आकडे 50 मीटरवरचे आहेत, रायफल टेकूवर ठेवून, पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपची सरासरी. अ, म्हणजे एसके स्टँडर्ड प्लस: 16 मि.मी. ब, तांब्याचा पातळ मुलामा असलेलं एक हाय व्हेलॉसिटी काडतूस: 29 मि.मी. क, लापुआ सेंटर-एक्स: 13 मि.मी. हे माझ्या नळीचे आकडे. तुमच्या नळीत क्रम वेगळा लागू शकतो, म्हणूनच तर ही मोजणी करायची.

गेल्या नोंदीनंतर एकाने विचारलं होतं की 9 एम.एम.च्या कार्बाइनसाठी (आखूड नळीच्या रायफलसाठी) कोणतं काडतूस घ्यावं. आपल्याकडे 9 एम.एम. निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य नागरिकाला ते लायसन्सवर मिळत नाही. पण प्रश्न चांगला आहे, कारण त्यातला हिशेब आपल्यालाही लागू पडतो. पिस्तुलाच्या काडतुसात दारू थोडी असते. 9 एम.एम.ची 115 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पिस्तुलातून साधारण 350 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, तर कार्बाइनच्या 16 इंची नळीतून साधारण 400 ने. 147 ग्रेनची जड गोळी मात्र सहसा ध्वनीच्या वेगाच्या खालीच राहते. टू-टू हे तर पिस्तुलात आणि रायफलमध्ये दोन्हीकडे चालणारं काडतूस. त्याच्या चिमूटभर दारूचा जोर साधारण 16 इंचांतच संपतो. नळी त्याहून लांब असली तर नेम धरायला बरी, पण गोळीला वेग देत नाही. तेव्हा हलकी-वेगवान की संथ-जड, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

टू-टूच्या बाबतीत माझं उत्तर ठाम आहे: संथ. आपल्या हवेत 30 अंशांना ध्वनीचा वेग 349 मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असतो. 'ब' नळीतून 376 ने निघतं आणि 50 मीटरवर पोचेपर्यंत 333 वर येतं, म्हणजे वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली उतरतं आणि त्या टप्प्यावर गोळी डळमळते. 'क' 327 ने निघतं, त्याला ही भानगडच नाही.

आणि वारा. सकाळी मतलई वारे असतात, तेव्हा वारा दाखवणारी रिबन जेमतेम हलते. अकरा-बारानंतर खारे वारे सुटले की आमच्या रेंजवर ती आडवीच होते. वेगवान गोळी वाऱ्याला कमी सापडेल असं मलाही वाटायचं, प्रत्यक्षात उलट आहे. वारा गोळीला किती ढकलतो हे ती एकूण किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही, हवेच्या अडथळ्यामुळे तिला किती उशीर होतो यावर ठरतं. ध्वनीच्या वेगाजवळ हा अडथळा एकदम वाढतो. 3 मीटर प्रतिसेकंदाच्या आडव्या वाऱ्यात हिशेबाने 'क' साधारण 19 मि.मी. सरकतं, 'ब' 26 मि.मी. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच 10.4 मि.मी. व्यासाचं, त्यामुळे मध्यावर धरलेली 'क'ची गोळी आठात पडते आणि 'ब'ची सातात. हे मी दुपारी मुद्दाम मारून पाहिलं. कागदावर अगदी तसंच उमटलं.

उभ्या पसरटपणाचं कारण वेगळं. एका डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात 10 मीटर प्रतिसेकंदाचा फरक असेल तर 50 मीटरवर सात-आठ मि.मी.चा वरखाली फरक पडतो. महाग काडतुसात आपण पैसे मोजतो ते या सारखेपणाचे. 'अ'चे ग्रुप उभे लांबट येतात, 'क'चे गोल. तरी सरावाला मी 'अ'च वापरणार. ते वाईट अजिबात नाही, आणि एसके व लापुआ दोन्ही जर्मनीत श्योनेबेकलाच बनतात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी जपा. डबा गाडीत उन्हात ठेवू नका. मी एकदा ठेवला होता, तर वंगण पाघळून पुंगळ्यांवर उतरलं आणि गोळ्यांची टोकं कोरडी पडली. त्या डब्याने काही खरं सांगितलं नाही. आता डबा थंड पेटीत, सिलिकाच्या पुड्यांबरोबर. शिशाचे हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा खायचा नाही, हेही नव्या मुलांना सांगत असते.

स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) कांस्य आणल्यापासून आमच्याकडे टू-टूला हात लावायला उत्सुक मुलं वाढली आहेत. मला स्वतःला ओढ लागली ती त्याआधी, तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम) जगज्जेत्या झाल्या तेव्हा. अजूनही प्रोनमध्येच माझं मन रमतं.

'क'च्या ज्या लॉटवर (एकाच वेळी बनलेल्या खेपेवर) हे आकडे आले, त्याचे चार डबे उरले आहेत. त्याच लॉट क्रमांकाचे आणखी मागवले आहेत. क्रमांक वेगळा आला तर वीस गोळ्या बांधात आणि पंचवीस वहीत, पुन्हा पहिल्यापासून.